जीप रँग्लरमध्ये एएक्स-५ गिअरबॉक्स काढून एएक्स-१५ बसवला, तर पहिल्या गिअरची ओढ कमी होईल का?

तुमच्या गाडीत २.५ लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि एएक्स-५ आहे. त्या जागी ४.० लिटरचं इंजिन एएक्स-१५ सकट टाकायचं म्हणताय. ओढीची काळजी सोडा. आधी दोन्ही गिअरबॉक्सचे पहिल्या ते पाचव्या गिअरचे रेशो बघा (आकडा मोठा तितकी ओढ जास्त):

एएक्स-५ : ३.९३, २.३३, १.४५, १.००, ०.८५
एएक्स-१५ : ३.८३, २.३३, १.४४, १.००, ०.७९

पहिल्या गिअरमध्ये फरक जेमतेम अडीच टक्के. तेवढा तर टायर थोडा मोठा घातला तरी पडतो. शिवाय नवीन इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे ३०० न्यूटन-मीटर, जुन्याचा १९० च्या आसपास. खरा फरक जाणवेल तो पाचव्यात. ४.११ रेशोचं डिफरन्शियल (ॲक्सलमधली शेवटची गिअरजोडी) आणि २८ इंची टायर धरले, तर ताशी १०० किलोमीटरला एएक्स-५ वर इंजिन साधारण २६०० आरपीएमला फिरतं, एएक्स-१५ वर २४०० च्या थोडं वर. लहान इंजिनाला हा लांब पाचवा चढावर झेपला नसता, सारखं चौथ्यात यावं लागलं असतं. ४.० तो आरामात ओढतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गिअरबॉक्सवर डोकं खपवू नका, डिफरन्शियल सांभाळा. चार सिलिंडर रँग्लरला बहुधा ४.११ चं असतं, आणि सहा सिलिंडर मॅन्युअल गाड्यांत ३.०७ सर्रास सापडतं. ज्या गाडीतून इंजिन काढताय तिचे ॲक्सलही उचलायचा मोह होईल. गुणाकार करून बघा. ३.८३ गुणिले ४.११ म्हणजे १५.७४, ३.८३ गुणिले ३.०७ म्हणजे ११.७६. पाव हिस्सा ओढ तिथेच गेली! ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी) २.७२ च्या लो रेंजमध्ये हेच आकडे ४३ आणि ३२ होतात. दगडगोट्यांच्या उतारावर ब्रेकला हात न लावता, नुसत्या इंजिनावर गाडी उतरवायची असेल, तर ४३ च हवेत. मी तुमचेच ॲक्सल ठेवले असते.

तरीही बदललेच, तर पुढचं-मागचं दोन्ही एकाच रेशोचं घ्या, नाहीतर फोर-व्हीलमध्ये ट्रान्समिशन आवळून बसेल.

एएक्स-५ च ठेवून त्याला ४.० जोडायचा विचार मात्र करूच नका, तो एवढ्या टॉर्कसाठी बनवलेला नाही. ट्रान्सफर केस जुनीच वापरणार असाल, तर तिच्या इनपुटचे स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) मोजून घ्या: एएक्स-५ ला २१, एएक्स-१५ ला २३. प्रोपेलर शाफ्टची लांबी गिअरबॉक्स बसल्यावरच मोजा.

स्पीडोमीटरला ट्रान्सफर केसच्या मागून फिरणं मिळतं, त्यामुळे नुसता गिअरबॉक्स बदलल्याने तो चुकत नाही. ३.०७ चे ॲक्सल घातले आणि स्पीडोमीटरचा छोटा गिअर तसाच ठेवला, तर मात्र १०० च्या वेगाला काटा ७५ दाखवेल.