परदेशात चर्च सुरू करायला जाणारी तरुण मुलं खरंच सेवा करतात की फुकट फिरून येतात? पगार मिळतो का? पुढे नोकरीला अडचण येते का?

‘फुकट फिरून येतात’ हे मी आधीही ऐकलंय. इथेच सोलापुरात, आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) कमिटीत, तोंडावर. त्यामुळे उत्तर जरा लांबणार, सांभाळून घ्या.

पगार नसतो. स्वयंसेवक म्हटलं की आपले देणगीदार आपणच गाठायचे. माझे म्हणजे मावशी, तरुण संघातली काही पोरं आणि एमआयडीसीत कामाला असलेला एक वर्गमित्र. महिना सरत आला की कुणाचे आले, कुणाचे राहिले ते बघत बसायचं, आणि आठवण करायला जीभ रेटत नाही. मी नेपाळला होतो, बुटवलच्या वर डोंगरातल्या एका गावात. पुण्याहून गोरखपूर, मग सोनौलीची हद्द. भारतीयांना व्हिसा लागत नाही, आपले १०० म्हणजे तिकडचे १६०, त्यामुळे भागायचं. सकाळी दहाच्या सुमारास डाळभात, रात्री पुन्हा डाळभात. शेंगाचटणी लगेच संपली, त्याचं दुःख वेगळं.

आता ‘चर्च सुरू करतात’ याबद्दल. यात जाणाऱ्या पोरांचीच जास्त गल्लत होते. युनायटेड मिशन टू नेपाळ ही परदेशी ख्रिस्ती मिशनांची संस्था १९५४ साली कामाला लागली ती सरकारशी करार करूनच: दवाखाने चालवा, शाळा काढा, पण धर्मप्रसार करायचा नाही. मग मंडळ्या कुणी उभ्या केल्या? नेपाळी माणसांनीच. पोखऱ्याची रामघाटची मंडळी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला झाली ती हद्दीच्या अलीकडे नौतनव्यात असलेल्या नेपाळी ख्रिस्ती लोकांमुळे. २०२१ च्या जनगणनेत तिथले ख्रिस्ती पाच लाखांच्या वर गेलेत. तेव्हा पाठीला सॅक लावून गेलेला बावीस वर्षांचा पोरगा ‘मी चर्च प्लांट केलं’ म्हणाला की मला हसू येतं. मीही केलेलं नाही. पाळक, म्हणजे पास्टर, गावचेच होते, शेती सांभाळून सेवा करायचे. मी त्यांच्या हाताखाली. पोरांना गिटार शिकव, कुणाला बुटवलच्या दवाखान्यात घेऊन जा, उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाच. लिपी आपलीच, त्यामुळे सुरुवातीला अर्थ निम्मा कळत नसतानाही मी खणखणीत वाचायचो आणि आज्या खूश व्हायच्या.

उपासना शनिवारी, कारण तिथे सुट्टी शनिवारची. पाळकांच्याच घरात. चपला अंगणात, खाली गवताच्या चटया, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. बायका येताना पिशवीत तांदूळ आणायच्या. रोज भात टाकताना मूठभर बाजूला काढलेला. कोपऱ्यात तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यात ओतायचा. एक आजी ओतून झालं की तळहाताने वर सारखं करायची आणि चटईवर सांडलेले दाणे एकेक वेचून परत डब्यात टाकायची. पाळकांचा पगार म्हणजे तो डबा.

आमच्या संस्थेचे टीम लीडर एकदा बघायला आले. म्हणाले, असं कसं चालेल? बाजारात शटरच्या वरचा हॉल भाड्याने घेऊ, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्पीकर, बोर्ड. स्पॉन्सर तयार आहे, फक्त हात वर करून गाणाऱ्या लोकांचे फोटो आणि दर महिन्याला किती नवे आले तो आकडा पाठव. मी नाही म्हणालो. भाडं बाहेरून यायला लागलं की त्या डब्यात तांदूळ कोण टाकणार? आणि स्पॉन्सरचं मन भरलं की शटर खाली! पाळकही माझ्याच बाजूचे होते, पण ते मवाळ, बोलले नाहीत. भांडण मी केलं. हॉल झाला नाही. लीडरने सोलापूरला पत्र धाडलं, ‘मुलगा सहकार्य करत नाही’. ते कमिटीत मोठ्याने वाचलं गेलं. सलाम सोडा, चर्चच्या पायरीवर लोक तोंड फिरवायला लागले.

अहो, सोलापूरकराला तरी हे सांगायला नको होतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, पुढे आपल्याकडे आले. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये इकडे येऊन गेले. त्यांचा सगळा आग्रह हाच, की मंडळी तिथल्या लोकांनी चालवावी, तिथल्याच पैशाने, तिथलाच पाळक नेमून. आज आमच्या चर्चचं छत गळलं की कमिटीतला पहिला प्रश्न असतो, ‘बाहेरून कुणी मदत देईल का?’ परत आल्यावर मी सुचवलं, आधी पाळकांचा पगार आपण वेळेवर देऊ, छताचं मग बघू. फुकट फिरण्यावरून बोललेले तेच ज्येष्ठ म्हणाले, ‘नेपाळचं नेपाळात ठेव.’ ‘सोलापुरातलं काम संपलं काय रे?’ हेही त्यांचंच. नाही संपलं. तेच तर सांगत होतो की ओ!

तर जायचं असेल तर संस्थेला एवढंच विचारा: तिथल्या पाळकाचं घर कोण चालवतं? उत्तर ‘आम्ही’ असेल तर जाऊ नका.

हां, एक राहिलं. व्हिसा नाही म्हणजे काहीही चालतं असं नाही. धर्मांतर करवण्याला नेपाळात बंदी आधीपासून आहे, आणि ऑगस्ट २०१८ पासूनच्या नव्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. मी त्याआधी परतलो होतो. आता जाणाऱ्याने आधी वकिलाशी बोलावं. इतर देशांचं मला विचारू नका.

नोकरीतल्या गॅपचं म्हणाल तर मुलाखतीत मला विचारलं. नेपाळला होतो म्हणालो. साहेबांनी विचारलं, एव्हरेस्ट बघितला का? नाही म्हणालो. पुढचा प्रश्न एक्सेलचा होता.