खुर्चीतून उठताना कळतं

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

कॅन्सरवरची केमो सुरू झाली की घरचे सगळे वजनकाट्याकडे बघतात. तूही बघ, पण नुसतं त्यावर विसंबू नकोस. अंगावर सूज आली किंवा चरबी वाढली तर काटा हलत नाही आणि आत स्नायू झिजत राहतात. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागले, जिना चढताना कठडा धरावा लागला, तर मांड्यांची ताकद कमी होतेय असं समज. स्टेरॉइडनेही हे होतं. डॉक्टरांना सांग, गोळ्या परस्पर बंद करू नकोस.

प्रथिनं रोज वजनाच्या दर किलोला १ ग्रॅमहून जास्त हवीत, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत. ६० किलो वजन असेल तर ६० ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम मिळतात, म्हणून सगळं एका जेवणावर ढकलू नकोस. तिन्ही वेळा २० ग्रॅमच्या आसपास घे, उरलेलं मधल्या खाण्यात. भूक मेलेली असेल तेव्हा पहिले घास अंड्याचे, माशाचे, डाळीचे असू देत. जेवणाआधी पाणी, पातळ सूप पिऊन पोट भरू नकोस. दुधात दोन चमचे दूध पावडर घाल. पेला तेवढाच राहतो, प्रथिनं वाढतात.

साखर तोडली की गाठ उपाशी मरते, असं सांगणारे भेटतील. तसं होत नाही. उपाशी तूच राहशील, आणि उष्मांक कमी पडले की शरीर प्रथिनंच जाळायला काढतं.

पण नुसतं खाऊन स्नायू टिकत नाहीत, त्यांना काम द्यावं लागतं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घे, छाती पुढे झुकव, श्वास सोडत उठ. बसताना मनात तीन मोज. बहुतेकजण इथेच चुकतात: धपकन बसतात, आणि हळू खाली येताना मांडीला जे काम मिळायचं तेच वाया जातं. गुडघे आत वळू देऊ नकोस. आठ वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा आठ. एक दिवसाआड पुरे. सलग बारा जमले की हातात थोडं वजन घे. उठता येतच नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून सुरुवात कर. तळपाय बधिर असतील तर बूट घाल, समोर टेबल हवं. हातांसाठी भिंतीवर पुशअप्स कर. हातात पिक लाइन (औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली लांब नळी) असेल तर आधी नर्सला विचार.

केमोनंतर गळून गेल्यासारखं वाटेल, तेव्हा निम्मं कर. थोडं चालणं तरी सोडू नकोस. ताप ३८ अंश सेल्सिअसवर (१००.४ फॅरनहाइट) गेला तर व्यायाम राहू दे आणि लगेच रुग्णालयाला फोन कर. चक्कर, छातीत दुखणं, रक्तस्राव असेल तरीही तसंच. प्लेटलेट फार उतरल्या असतील किंवा आजार हाडांत पोचला असेल, तर फिजिओथेरपिस्टने तपासल्याशिवाय वजन उचलू नकोस.

आठवड्यातून एकदा, ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजून वहीत लिही. आकडा उतरत गेला तर पुढच्या तपासणीला वही बरोबर ने आणि आहारतज्ज्ञांची भेट मागून घे.