सोयाबीनचं प्लास्टिक, पण पदवी कोणती?

पत्र: लातूर जिल्ह्यात आमची चार एकर शेती, सगळी सोयाबीन. मुलगी बारावी सायन्सला आहे. सोयाबीन आणि समुद्री शेवाळापासून प्लास्टिक बनतं असं तिनं पाहिलं, तेव्हापासून हेच करायचं म्हणते. एका खाजगी संस्थेत 'बायोप्लास्टिक टेक्नॉलॉजी' अशी पदवी आहे, फी जबर आहे. कर्ज काढून घालावं का? — एक वडील

सप्रेम नमस्कार.

कर्ज काढू नका. मुलीच्या आवडीवर मला शंका नाही, पदवीच्या पाटीवर आहे. या क्षेत्रात ज्यांचं नाव झालं ते बघा. लंडनची नोटप्ला कंपनी शेवाळापासून पाण्याच्या खाता येणाऱ्या पुड्या आणि जेवणाच्या खोक्यांचं अस्तर बनवते. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक आधी सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत पॅकेजिंग इंजिनिअर होता. वाटाण्याच्या प्रथिनांवर काम करणारी झँप्ला कंपनी केंब्रिजच्या ज्या प्रयोगशाळेतून निघाली, तिथे मेंदूच्या आजारांत प्रथिनांच्या गुठळ्या कशा होतात याचा अभ्यास चालतो. 'बायोप्लास्टिक'ची पदवी यांच्यापैकी कुणाकडे नव्हती.

आता मुलीला एक काम सांगा. किराणा दुकानातून चायना ग्रास आणा, तेही लाल समुद्री शेवाळाचंच असतं. कपभर पाण्यात चमचाभर उकळा, अर्धा चमचा ग्लिसरीन घाला, ताटात पातळ पसरून दोन दिवस वाळू द्या. छान पारदर्शक कागद सुटेल. मग त्यावर पाणी ओता. फुगेल, लिबलिबीत होईल. ग्लिसरीन न घालता केलात तर वाळल्यावर कडकड मोडेल.

प्रथिनांचंही असंच. तुमच्या सोयाबीनचं तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडेत साधारण ४५ टक्के प्रथिनं असतात. ग्लिसरीन मिसळून गरम साच्यात दाबली की त्यांचा पत्रा होतो, पण प्रथिनांना पाण्याची ओढ, त्यामुळे दमट हवेत तो नरम पडतो. हेन्री फोर्डनं १९४१ मध्ये सोयाबीनचा वापर केलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यांची मोटार लोकांना दाखवली होती. ती बाजारात कधीच आली नाही. पाण्याला कसं अडवायचं, आणि अडवूनही वस्तू मातीत कुजली पाहिजे, या ओढाताणीतच या क्षेत्राचं निम्मं काम आहे. ताटातला लिबलिबीत कागद बघून मुलगी कंटाळली तर तेही आत्ताच कळलेलं बरं. 'आता यात काय घालून बघू?' असं विचारलंन, तर पुढचं वाचा.

गणित सोडू देऊ नका, सीईटी आणि जेईई दोन्ही द्यायला लावा. मुंबईच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत पॉलिमर (म्हणजे प्लास्टिक-रबरासारख्या पदार्थांचं) किंवा केमिकल इंजिनिअरिंग, नाहीतर नागपूरच्या एलआयटीत, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये, केमिकल. साचे आणि यंत्रांकडे ओढा असेल तर छत्रपती संभाजीनगरची सिपेट, ही प्लास्टिक तंत्रज्ञानाची सरकारी संस्था. केमिकल-पॉलिमरची पदवी रंग, पॅकेजिंग, औषधं, टायर असं कुठेही चालते. संशोधनच करायचं ठरलं तर पुढे पुण्याची एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, समुद्री शेवाळासाठी भावनगरची सीएसएमसीआरआय ही सरकारी संशोधन संस्था.

नोकऱ्यांचं खरं सांगते. आपल्याकडे उद्योगाचा जोर सध्या पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) या बायोप्लास्टिकवर आहे. पुण्याच्या प्राज कंपनीनं २०२४ मध्ये जेजुरीला त्याचं प्रात्यक्षिक केंद्र काढलं. पीएलए साखर-स्टार्चपासून होतं, प्रथिनांपासून नाही. आणि उकिरड्यावर टाकलं तर सहज कुजत नाही, साठेक अंशांचं कंपोस्ट लागतं. प्रथिनं आणि शेवाळाचं काम अजून बरंचसं प्रयोगशाळांत आणि छोट्या कंपन्यांत आहे. म्हणजे एमटेक किंवा पीएचडीची तयारी हवी, घरच्यांच्या धीरासकट.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. यामुळे आपल्या सोयाबीनला भाव चढेल असा हिशेब मनात असेल तर तो काढून टाका. पेंडेचं मोठं गिऱ्हाईक अजून कोंबडी आहे.

तो कागद पावसाळ्यात पुन्हा करून बघायला सांगा. उन्हाळ्यातला आणि आषाढातला शेजारी ठेवून काय फरक पडला ते तिनं वहीत लिहावं, आणि ते पान मला पाठवावं. कोणती शाखा घ्यायची ते त्यावरून बोलू.