चौतिसाव्या वर्षी पाणबुडा व्हायचंय? शेत नंतर, आधी मेडिकल

काका,

तुमचा मुलगा चौतीस वर्षांचा, बुटीबोरीला वेल्डर. घरी बायको, दोन लेकरं. मोबाईलवर व्हिडिओ पाहून आता त्याने पाण्याखाली वेल्डिंग करायचं मनावर घेतलंय आणि फीसाठी दीड एकर धानाचं शेत विकू म्हणतो. ‘तलावावरच वाढलेला पोरगा, पाण्याची भीती नाही; पण नवा धंदा धरायचं हे वय आहे का?’ असं तुम्ही विचारता.

वयाचं फार मनावर घेऊ नका. नौदलातले पाणबुडे पंधरा वर्षांची नोकरी संपवून या धंद्यात उतरतात, तेही पस्तिशीच्या आसपासच. शिवाय ठेकेदाराला पाण्याखाली हाताने काम करणारा माणूस लागतो. हातात कसब नसलेल्या विशीतल्या पोरापेक्षा तुमचा वेल्डर कधीही उजवा.

खरी चाळणी मेडिकलची. डायव्हिंगची तपासणी करणाऱ्या डॉक्टरकडे फुफ्फुसांची क्षमता, कानाचे पडदे, हृदय, रक्तदाब, वजन सगळं बघतात, आणि ते दरवर्षी. दमा किंवा फिटचा त्रास असेल तर विषय बहुधा तिथेच संपतो. तो वेल्डिंगच्या धुरात किती वर्षं आहे? बिडी ओढतो का? खर्रा खातो का? (आपल्याकडे हा प्रश्न विचारायचा म्हणजे उगाच तोंडदेखला, पण विचारतो.) हा रिपोर्ट हातात येईपर्यंत शेताचा सौदा तर नाहीच, इसारसुद्धा घेऊ नका.

आता त्या व्हिडिओंबद्दल. वेल्डिंग हा या कामाचा छोटा भाग. बाकी दिवस जातात ते पाहणी करण्यात, शेवाळ-शिंपले खरवडण्यात, बोल्ट आवळण्यात आणि कापाकापीत. धरणाच्या तळाशी तर स्वतःचा हात दिसत नाही. गेटचं रबर कुठे फाटलंय ते बोटांनी चाचपायचं आणि हेल्मेटमधल्या फोनवर वरच्या सुपरवायझरला सांगायचं. हवा वरूनच नळीने येते, आणि ती नळी हातात धरून उभा असतो तो टेंडर. नवा माणूस बहुतेक तिथूनच सुरुवात करतो.

तुमच्या मुलाला पाण्याची भीती नाही, हे वाचून मला थोडी काळजीच वाटली. एखाद्या मोठ्या धरणाचं गेट घ्या. २० मीटर खोलीवर एक चौरस फुटाची फट असेल आणि पलीकडे पाणी नसेल, तर त्या फटीवर जवळपास १८०० किलोचा जोर असतो. हात किंवा पाय तिथे ओढला गेला, की पट्टीचा पोहणारा असो नाहीतर कुणी, सुटका नाही. म्हणून आधी गेटचा वीजपुरवठा तोडून कुलूप लावतात, दोन्हीकडच्या पाण्याची पातळी बघतात, मगच माणूस उतरतो. ‘दोन मिनिटांचं काम आहे, उतर’ म्हणणाऱ्या ठेकेदाराला नाही म्हणता आलं पाहिजे. घरी कर्ज असलेल्या माणसाला ते जड जातं, म्हणूनही शेत विकून किंवा कर्ज काढून सुरुवात नको.

समुद्रातलं काम म्हणजे आपल्याकडे मुख्यतः मुंबई हाय या तेलक्षेत्राचं, किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर. तिथे हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मे महिन्यात आटोपतो. पावसाळ्यात दर्या खवळतो, कामं थांबतात. मुलगा रोवणीला घरी असेल, पण त्या महिन्यांत पगार नसेल. सुनबाईंना हे आत्ताच सांगून ठेवा.

कोर्सचं म्हणाल तर तारकर्लीला किंवा गोव्याला मिळणारं स्कूबाचं कार्ड पर्यटनासाठी ठीक, त्यावर हे काम मिळत नाही. नळीवरच्या, म्हणजे ‘सरफेस सप्लाय’ डायव्हिंगचं प्रमाणपत्र लागतं. ते आयएमसीए या सागरी ठेकेदारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्य यादीत आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, एजंटाच्या तोंडावर जाऊ नका. संस्थेला विचारा: प्रत्यक्ष पाण्याखाली किती तास देणार? मागच्या बॅचची पोरं आज कुठे आहेत? फोन नंबर मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

मेडिकल पास झालं तरी बुटीबोरीची नोकरी लगेच सोडू नये. धरणांची, वीज केंद्रांच्या पाणी-उपशाची कामं घेणाऱ्या ठेकेदाराकडे सुट्टी काढून काही दिवस टेंडरच्या हाताखाली राहावं. जमतं की नाही ते तिथेच कळेल.

आणि एक विचारून कळवा: तो कारखान्यात मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकणारं) चालवतो की स्टिक (हातातल्या रॉडचं)? थेट पाण्यातलं वेल्डिंग बहुतेक स्टिकनेच होतं, तेही डीसी करंटवर. हात मिगला बसला असेल तर स्टिकचा सराव या महिन्यापासूनच सुरू करू दे. त्यासाठी शेत विकावं लागत नाही.