वाचकांचे प्रश्न : अस्सल मेपल सिरप परवडेनासे झाले, तर

प्रश्न : आम्ही ओन्टारियोत मिसिसागा येथे राहतो. शनिवार-रविवारच्या न्याहारीला पॅनकेक आणि त्यावर मेपल सिरप, असा दोन्ही मुलांचा हट्ट असतो. गेल्या काही वर्षांत अस्सल सिरपची किंमत इतकी वाढली आहे की डबा उचलताना हात आखडतो. शेजारच्याच फळीवर ‘टेबल सिरप’ बरेच स्वस्त मिळते. ते घ्यावे काय? अस्सलच घ्यायचे, तर खर्च आवाक्यात कसा ठेवावा? आणि हे सिरप मुळात इतके महाग का असते?
– एक वाचक, मिसिसागा

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण सिरपची किंमत कशात मुरलेली आहे हे कळले की पैसे कोठे वाचवावेत आणि कोठे वाचवू नयेत, हे ठरविणे सोपे जाते. मेपलच्या खोडाला भोक पाडल्यावर पाझरणारा रस पाण्यासारखा पातळ आणि रंगहीन असतो व त्यात साखर असते जेमतेम २ ते ३ टक्के. तो आटवून साखरेचे प्रमाण ६६ टक्क्यांवर न्यायचे असते, म्हणजेच १ लिटर सिरपसाठी साधारण ४० लिटर रस गोळा करून त्यातले बहुतेक सगळे पाणी उडवावे लागते. मोठे उत्पादक आता रिव्हर्स ऑस्मॉसिसच्या यंत्राने बरेचसे पाणी आधीच काढून टाकतात आणि त्यामुळे जळण वाचते, पण त्या यंत्राचा खर्च अखेर सिरपमधूनच वसूल करावा लागतो. नवी झाडे लावून पुरवठा वाढवावा म्हटले, तर मेपलचे रोप भोक पाडण्याजोगे व्हायला ४० वर्षांच्या आसपास जातात.

एका मार्च महिन्यात ओन्टारियोतील एका मेपलच्या गुऱ्हाळात (याहून जवळचा शब्द मला सुचत नाही) तासभर उभे राहण्याचा योग आला होता. छपराच्या उघड्या फटीतून वाफेचे लोट बाहेर पडत होते, आणि आत कप्पे केलेल्या लांबरुंद पसरट पात्रात रस खदखदत एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकत होता. मालक मधूनमधून एक रुंद पळी बुडवून ती आडवी उचलून धरीत असे. पळीच्या कडेवरून सुटे थेंब पडत होते तोवर त्याने पात्राला हात लावला नाही. थेंब एकमेकांना धरून पडद्यासारखे एकसंध उतरू लागले, तसे त्याने उष्णतामापकावर एक नजर टाकली आणि तोटी उघडली. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ४ अंश सेल्सिअस वर गेले की सिरप तयार होते. ज्यांनी बोटांच्या चिमटीत पाकाची तार पाहिली आहे, त्यांना या पळीची परीक्षा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

एवढे कष्ट असूनही सगळी मदार हवेवर असते. रात्री गोठण आणि दिवसा वितळण असे आलटून पालटून होते तेव्हाच रस वाहतो, आणि असे दिवस फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत मोजून काही आठवडेच मिळतात. जगातील सुमारे ७० टक्के मेपल सिरप एकट्या क्वेबेक प्रांतात होत असल्यामुळे तेथील हवा बिघडली की साऱ्या बाजाराला त्याची झळ बसते. तेथे २०२१ साली उत्पादन १३.३ कोटी पौंडांवर घसरले, २०२२ मध्ये ते २१ कोटींच्या वर गेले, २०२३ मध्ये पुन्हा १२.४ कोटींवर आले आणि २०२४ मध्ये २३.९ कोटी पौंड असे विक्रमी झाले. हे झोके सांभाळण्यासाठी क्वेबेकच्या उत्पादक संघटनेने २००० सालापासून सिरपचा राखीव साठा ठेवला आहे. २०२१ मध्ये त्यातून सुमारे ५ कोटी पौंड सिरप बाजारात आणावे लागले आणि २०२४ च्या आरंभी साठा ७० लाख पौंडांच्या आसपास उरला होता. तेव्हा एखादा हंगाम भरघोस गेला म्हणून दुकानातील किंमत लगेच उतरेल, अशी आशा धरू नये. रिकामी झालेली पिंपे आधी भरून घ्यावी लागतात. (याच साठ्यातून २०११-१२ च्या सुमारास जवळजवळ ३,००० टन सिरप चोरीला गेले होते आणि त्याची किंमत १ कोटी ८७ लाख कॅनेडियन डॉलर एवढी धरली गेली. चोरांनी काही पिंपांत चक्क पाणी भरून ठेवले होते.)

आता टेबल सिरपविषयी. ते बहुधा कॉर्न सिरप, रंग आणि कृत्रिम स्वाद यांचे मिश्रण असते. क्वेबेकमधले फ्रेंच भाषक त्याला थट्टेने ‘सिरो द पोतो’ म्हणतात, म्हणजे खांबाचे सिरप. मेपलच्या झाडाऐवजी तारेच्या खांबाला भोक पाडून काढलेले! वेष्टनावर मेपलच्या पानाचे चित्र असल्याने काहीच सिद्ध होत नाही. घटकपदार्थांच्या यादीत मेपल सिरप हा एकच घटक असेल तरच ते अस्सल समजावे. तरीही टेबल सिरप घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. एकदा मुलांना दोन्ही सिरपे न सांगता चाखायला द्यावीत. त्यांना टेबल सिरपच अधिक आवडले (आणि तसे होते, कारण ते अधिक दाट असते), तर अस्सल सिरपचा आग्रह केवळ आपला आहे, हे मान्य करून मुलांसाठी स्वस्त आणि स्वतःसाठी अस्सल अशी वाटणी करण्यात काहीच कमीपणा नाही.

अस्सलच घ्यायचे ठरले, तर पहिली गोष्ट म्हणजे बाटलीची किंमत न पाहता १०० मिलिलिटरला काय पडते ते पाहावे. मेपलच्या पानाच्या आकाराची काचेची बाटली ही भेटवस्तू आहे आणि तिच्यात आपण सिरपइतकेच काचेचेही पैसे मोजतो. ५४० मिलिलिटरचा साधा पत्र्याचा डबा तिच्याहून बहुधा स्वस्त पडतो, आणि ४ लिटरचे भांडे थेट उत्पादकाकडून घेतले तर त्याहूनही. आपल्यापासून फार लांब नसलेल्या एल्मायरा गावी १९६५ पासून वसंत ऋतूत मेपल सिरपचा मेळा भरतो, तेथे उत्पादकांची गाठ पडते. दोन-तीन कुटुंबांनी मिळून मोठे भांडे आणावे आणि घरी काचेच्या बरण्यांत वाटून घ्यावे.

दुसरी गोष्ट रंगाची. कॅनडात पूर्वी गडद सिरपला ‘क्रमांक २’ किंवा ‘३’ असा दर्जा लावीत, त्यामुळे ते हलक्या प्रतीचे असते हा समज अजूनही पुष्कळांच्या मनात घट्ट बसला आहे. आता गोल्डन, अंबर, डार्क आणि व्हेरी डार्क हे चारही रंग ‘अ’ दर्जाचेच गणले जातात. हंगामाच्या आरंभीचे सिरप फिके व नाजूक चवीचे असते, अखेरचे गडद आणि ठसठशीत. ओटमील, केक, भाजलेला भोपळा यांसाठी गडदच घ्यावे, कारण फिक्या सिरपचे तीन चमचे घालूनही जी चव येत नाही ती गडदच्या दोन चमच्यांत येते. माझ्या स्वयंपाकघरात फिके सिरप आता येतच नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत साधी असली तरी खरी बचत तिच्यातच आहे: डबा किंवा बाटली टेबलावर आणू नये. हवे तेवढे सिरप लहान तांब्यात काढून, गरम पाण्यात ठेवून कोमट करावे. कोमट सिरप पातळ होऊन पॅनकेकभर पसरते, थंड सिरप मध्येच साचून बशीत उरते आणि धुण्यात जाते. दोन मुलांना प्रत्येकी २ मोठे चमचे धरले तर एका न्याहारीला ६० मिलिलिटर लागते, म्हणजे ५४० मिलिलिटरचा डबा नऊ न्याहाऱ्यांना, आपल्या हिशेबाने साडेचार आठवडे पुरतो. बाटली मुलांच्या हाती दिल्यावर किती दिवस पुरतो, हे आपण जाणताच.

मात्र सिरपमध्ये पाणी घालून ते वाढवून ठेवू नये. त्यातील दाट साखरच ते टिकवून धरते. पाणी घातले की चवही जाते आणि सिरपही नासते. जेथे नुसती गोडी हवी, उदाहरणार्थ मसालेदार मॅरिनेडमध्ये किंवा कॉफीत, तेथे साखर वापरावी आणि मेपलला त्या कामातून मोकळे करावे.

प्रश्न : स्वस्त पडते म्हणून आम्ही ४ लिटर सिरप घेतले, परंतु दोन महिन्यांनी त्यावर बुरशीचा पापुद्रा दिसला. वरचा थर काढून उकळून घेतले तर चालेल काय?
– एक वाचक, ऑटावा

उत्तर : जुने लोक तसे करीत असत, पण मी आपल्याला तो सल्ला देणार नाही, बुरशी आलेले सिरप टाकून द्यावे. हे लिहिताना मलाही वाईट वाटते, कारण फोडलेला डबा तळघरातील फळीवर तसाच ठेवून तो अर्धा फेकण्याची पाळी माझ्यावरही आली आहे. न उघडलेले सिरप कपाटात पुष्कळ दिवस राहते, पण झाकण उघडले की ते काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्येच ठेवले पाहिजे. मोठे भांडे घेणाऱ्याने तर महिन्यापुरते सिरप फ्रिजमध्ये आणि बाकीचे फ्रीझरमध्ये ठेवावे. त्यातील साखरेमुळे ते दगडासारखे गोठत नाही, नुसते घट्ट होते, आणि हवे तेव्हा ओतून घेता येते.

प्रश्न : मेथीला मेपलसारखा वास येतो, असे माझ्या मुलीचे म्हणणे आहे. मेथीपासून घरी मेपल सिरप करता येईल काय?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या मुलीचे नाक तिखट आहे. मेथीच्या वासातील सोटोलॉन नावाचे द्रव्य मेपल सिरपच्या वासातही असते, आणि कृत्रिम मेपल स्वादासाठी मेथीचा उपयोग पूर्वीपासून होत आला आहे. २००५ पासून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये अधूनमधून मेपल सिरपचा वास पसरत असे आणि लोक घाबरून शहराच्या कार्यालयाला फोन करीत. अखेर २००९ मध्ये त्याचा उगम आपल्याच राज्यात, नॉर्थ बर्गन येथील स्वादद्रव्यांच्या एका कारखान्यात सापडला. तेथे मेथीच्या दाण्यांवर प्रक्रिया होत असे.

घरी करून पाहायचे असेल तर १ वाटी ब्राऊन शुगर अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून एक उकळी आणावी, आच बंद करावी आणि मग चिमूटभर मेथीदाणे दहा मिनिटे त्यात ठेवून गाळून घ्यावे. दाणे पाकाबरोबर उकळू नयेत, नाहीतर कडवटपणा उतरतो. माझ्या हातून पहिल्या खेपेस तेच झाले होते. दुसऱ्या खेपेस वास खरोखरच जवळचा आला. चव मात्र मेपलची नव्हे, मेथीच्या वासाच्या पाकाचीच होती. फ्रेंच टोस्टवर तो पाक खपून जातो.

प्रश्न : आमच्या परसात मेपलचे मोठे झाड आहे. त्यातून रस काढून पैसे वाचतील काय?
– एक वाचक, ग्वेल्फ

उत्तर : पैसे फारसे वाचणार नाहीत, आनंद मात्र मिळेल. झाड आधी आपल्या हद्दीत आहे ना, हे पाहावे, कारण रस्त्याकडेचे झाड बहुधा नगरपालिकेचे असते. खोडाचा व्यास २५ ते ३० सेंटीमीटर तरी हवा. भोक सुमारे ५ सेंटीमीटरहून खोल नको. चांगल्या शुगर मेपलच्या एका भोकातून एका हंगामात साधारण १ लिटर सिरप होईल इतका रस मिळतो. झाड दुसऱ्या जातीचे असेल तर रसात साखर सहसा कमी असते आणि आटवणे लांबते. कळ्या फुगू लागल्या की रसाला वाईट चव येते, तेव्हा थांबावे. आणि आटवायचे काम अंगणातच करावे, कारण ४० लिटर रसाची वाफ घरात कोंडली तर भिंतींवरचा कागद सुटून येतो.