स्वतंत्र मराठी गाणं मालिकेत किंवा सिनेमात वापरायला द्यायचं तर काय करावं लागतं?

'पैसे नाही मिळाले तरी चालेल, नाव आलं तरी पुष्कळ' असं तुम्ही प्रश्नातच लिहिलंय. तेवढ्यासाठी हे उत्तर.

मी ठाण्यात, वर्तकनगरला राहतो. घरातच रेकॉर्डिंग करतो. घोडबंदर रोडवरच्या एका मालिकेच्या टीमला माझं पावसावरचं गाणं आवडलं, नायिका घर सोडते त्या सीनसाठी हवं होतं. सेटवर बोलावलं. दिवाणखान्याच्या प्लायवूडच्या भिंतीमागे, वायरींच्या गुंत्यात उभं राहून चहा आणि करार एकदमच हातात दिला. सीन जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. करारात मात्र शब्द, चाल, रेकॉर्डिंग सगळं कायमचं, जगभरासाठी, त्यांच्या मालकीचं. मोबदला काय, तर श्रेयनामावलीत उल्लेख! म्हटलं, वापरायला देतो, मालकी कशाला? 'फॉरमॅट आहे सर, सगळेच सही करतात.' मी ते कलम खोडलं, 'या मालिकेपुरतं, तीन वर्षं, नॉन-एक्सक्लुझिव्ह' (म्हणजे इतरांनाही देता येईल) असं लिहिलं आणि खाली आकडा टाकला. नंतर फोन नाही. सीनला तयार संगीताच्या लायब्ररीतली बासरी लागली.

त्या गाण्यावर गिटार वाजवणारा माझा मित्र अजून ऐकवतो, 'एवढं ताणायला नको होतं, नाव झालं असतं.' अरे, मालिका संपताना पळणारी ती नावं तुझ्या आईने तरी कधी वाचलीत का?

असो. शब्द-चालीचे हक्क वेगळे, रेकॉर्डिंगचे वेगळे. परवानगी दोन्हींची लागते. गीतकाराची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा. बीट, म्हणजे तयार साथसंगीत, यूट्यूबवरून उचललेला असेल तर विषयच संपला, आधी त्याचा परवाना वाचा. गायकाच्या आवाजाविना ट्रॅक आणि स्टेम्स (वाद्यांचे सुटे ट्रॅक) तयार ठेवा, संवादाखाली तेच लागतं. मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. करारात नसेल तर कायद्याने पाच वर्षं आणि भारतापुरतं धरतात, पण 'कायमचं' असं लिहिलेलं असेल तर तो आधार गेला. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सदस्यत्व घ्या. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाच्या नावे करताच येत नाही, करारात काहीही छापलेलं असो. सिनेमा थिएटरात दाखवला जातो, तेवढ्यापुरता मात्र हा वाटा नाही.

मी वकील नाही, मोठी रक्कम असेल तर वकिलाला दाखवा. आणि विद्यार्थ्याच्या शॉर्टफिल्मला फुकट द्यायला माझी काहीच हरकत नाही, मीही देतो. तिथे कोणीच कमवत नसतं. मालिकेत दर ब्रेकला जाहिराती असतात. त्या सेटवर लाइटवाल्याला, चहावाल्याला, भाड्याच्या सोफ्यालासुद्धा पैसे मिळतात. आमच्या गिटारवाल्यालाही त्या गाण्याचे मिळाले होते, रेकॉर्डिंगच्याच दिवशी, माझ्या खिशातून. तेव्हा नाव होण्याची गोष्ट त्याने काढली नव्हती.