इंग्लंडचं विद्यार्थी कर्ज आणि एक सप्टेंबर

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वहिनींना इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आहे. त्या आधी जाणार आणि लेकीची दहावी उरकली की तुम्ही दोन्ही मुलांना घेऊन वर्षभराने मागून जाणार. लेक आता नववीत, धाकटा तिसरीत. तिकडे कॉलेजची फी सरकारच कर्जाने भरतं, असं कुणीतरी सांगितलंय, म्हणून नाशिकचा फ्लॅट विकायचा बेत तुम्ही रद्द केलाय. हे बरोबर का?

कर्ज खरं आहे. पण तुमच्या लेकीला ते अठराव्या वर्षी मिळणार नाही. फ्लॅटचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण ठरवण्याआधी हे एकदा वाचा. मी जे सांगतोय ते इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे.

इथे या कर्जासाठी गुण बघत नाहीत, जामीनदार मागत नाहीत, घर तारण ठेवायला लावत नाहीत. बघतात त्या दोन तारखा. कोर्स सप्टेंबरात सुरू होणार असेल, तर त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला मुलीच्या हातात आयएलआर, म्हणजे कायम राहायची परवानगी (किंवा नागरिकत्व), हवी. आणि त्या तारखेच्या आधीची सलग ३ वर्षं तिचं नेहमीचं घर या देशात असायला हवं. दोन्ही अटी एकदम. नोकरीच्या व्हिसावर आयएलआर २०२५ च्या नियमाने ५ वर्षांनी मिळायचा. मे २०२५ मधल्या श्वेतपत्रिकेत सरकारने हा काळ साधारणपणे १० वर्षं करायचा प्रस्ताव मांडला, त्यामुळे वहिनींना तिकडे जाताना कोणता नियम लागू असेल तो नीट तपासा. मी खालचा हिशेब ५ धरूनच केलाय.

आता तुमचा बेत मांडून बघू. लेक दहावी करून सोळाव्या वर्षी येईल. इथे अकरावी-बारावीच्या जागी ए-लेव्हलची दोन वर्षं असतात. ती सरकारी शाळेत फुकट होतील, ती काळजी नको. पण अठराव्या वर्षी ती युनिव्हर्सिटीच्या दारात उभी राहील तेव्हा तिच्या नावावर दोनच वर्षांचा मुक्काम असेल. म्हणजे तीन वर्षांचीच अट पुरी होत नाही, आयएलआर तर दूरच. मग फी लागते ओव्हरसीज, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची, आणि तिच्यासाठी सरकारी कर्ज नाही.

‘आम्ही इथे टॅक्स भरतो’ हा मुद्दा चालत नाही. मी घालून बघितलाय.

आमचं असं झालं. आम्ही तिघं साताऱ्याहून नोव्हेंबर २०१५ ला रेडिंगला आलो, मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. त्याची ए-लेव्हल २०२० च्या उन्हाळ्यात. त्या साली परीक्षाच झाल्या नाहीत. आधी संगणकाच्या सूत्राने ग्रेड दिल्या, पोरं रस्त्यावर उतरली, मग सरकारने माघार घेऊन शिक्षकांनी ठरवलेल्या ग्रेड मान्य केल्या. त्या सगळ्या गोंधळातून आमच्या चिरंजिवांना इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. तेवढ्यात फीची वर्गवारी ठरवण्याचा फॉर्म आला. आमचा आयएलआर होणार होता नोव्हेंबर २०२० मध्ये. अर्ज मुदतीच्या २८ दिवस आधी करता येतो, म्हणजे फार तर ऑक्टोबर. आणि त्यांना हवी होती १ सप्टेंबर. होम फी, म्हणजे इथल्या विद्यार्थ्यांची फी, ९,२५० पौंड होती, आम्हाला सांगितली बावीस हजारांच्या पुढे. तीही फक्त पहिल्या वर्षापुरती नाही. कोर्स सुरू झाल्यावर आयएलआर मिळाला तरी ओव्हरसीजचा शिक्का सहसा पुसला जात नाही.

शेवटी प्रवेश वर्षभर पुढे ढकलला. पोराने ते वर्ष सुपरमार्केटच्या गोदामात रात्रपाळी करून काढलं. त्याच्या आईने साताऱ्यात कुणाला पत्ता लागू दिला नाही. ‘कॉलेज ऑनलाइन चालू आहे’ असं सांगायची, आणि त्या वर्षी ते कुणालाही पटत होतं. मधल्या काळात त्याला अठरा पूर्ण झाली होती, म्हणून आयएलआरसाठी त्यालाही ‘लाइफ इन द यूके’ची परीक्षा द्यावी लागली. राजाराण्यांच्या सनावळ्यांची असते ती. मी दोनदा दिली, तो एकदाच.

म्हणून तुमच्या बेतातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे वहिनी आधी आणि तुम्ही वर्षभराने. वहिनींची पाच वर्षं त्या उतरतील तेव्हा सुरू होतील, तुमची तुम्ही उतराल तेव्हा. मुलांचं मात्र असं आहे की त्यांना स्वतःची पाच वर्षं मोजावी लागत नाहीत, पण सहसा आई आणि बाप दोघांचाही आयएलआर झालेला किंवा बरोबरच होत असलेला लागतो. म्हणजे तुम्ही नाशिकला जे वर्ष थांबाल, तेवढंच मुलांचं पुढे जाईल. पगाराची घडी बसेपर्यंत एकाने पुढे जायचं, ही आपली पद्धत शहाणपणाचीच. इथे मात्र ती महागात पडते. आणि पाच वर्षांत कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहायचं नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरी चूक इथल्या आपल्याच काही घरांत पाहिली. मुलाला नीट किंवा जेईईसाठी दोन वर्षं परत कोट्याला किंवा लातूरला धाडायचं, नाही जमलं तर पुन्हा बोलवायचं. सुट्टीत नाशिकला गेलात तर तीन वर्षांचा हिशेब मोडत नाही. पण दोन वर्षं तिकडे शाळा केली, की मुलाचं घर नक्की कुठलं हा प्रश्न उभा राहतो आणि उत्तर बहुधा आपल्या विरुद्ध जातं.

धाकट्याचं चित्र बरंच बरं आहे. त्याचं कॉलेज येईपर्यंत तुमचा आयएलआर बहुधा झालेला असेल. नसला तरी एक वेगळी वाट आहे: कोर्स सुरू होताना अठरा पूर्ण असतील आणि निम्मं आयुष्य या देशात गेलं असेल (अठराच्या आत असेल तर ७ वर्षं), तर शेवटची तीन वर्षं कायदेशीर व्हिसावर असल्यास आयएलआर नसतानाही कर्ज मिळू शकतं. म्हणजे नवव्या वाढदिवसाच्या आत उतरलेलं पोर अठराव्या वाढदिवसाला त्यात बसतं. तुमचा तिसरीतला आहे. वर्षभर थांबलात तर हीही वाट अठराव्या वर्षी बंद. एकत्र यायला हे आणखी एक कारण.

आता कर्जाविषयी, कारण ते आपल्या बँकेच्या कर्जासारखं नसतं आणि पहिल्यांदा घाबरायला होतं. फीचं कर्ज थेट युनिव्हर्सिटीला जातं. २०२५-२६ साठी होम फीची मर्यादा ९,५३५ पौंड होती. राहण्याखाण्याचं कर्ज वेगळं, ते दर सत्राला मुलीच्या खात्यात येतं आणि किती मिळणार ते आईबापांच्या मिळकतीवर ठरतं. घराबाहेर, लंडन सोडून इतरत्र राहणाऱ्याला २०२५-२६ मध्ये जास्तीत जास्त १०,५४४ पौंड. तुम्ही दोघं कमावते असाल तर त्यापेक्षा बरंच कमी येईल. उरलेले आईबापांनी द्यावेत, असं सरकार गृहीत धरतं; ठळक कुठे लिहीत नाही.

फेड पगारातून कापली जाते, टॅक्सबरोबरच. ऑगस्ट २०२३ नंतर सुरू झालेल्या कोर्सना नियम असा: वर्षाच्या २५,००० पौंडांपर्यंत काही नाही, त्यावरच्या रकमेवर ९ टक्के. पगार ३०,००० असेल तर वर्षाला ४५०, महिन्याला साडेसदतीस पौंड. नोकरी गेली तर हप्ता शून्य. व्याज महागाईच्या दराने, आणि ४० वर्षांनी जे उरेल ते माफ. आईबापांवर काहीही नाही, कर्ज घेणाराच दगावला तर कर्जही संपतं. माझ्या मुलाचं कर्ज आधीच्या नियमातलं, ३० वर्षांत माफ होणारं, पण व्याज जास्त. त्याचे कापले जातात त्याहून जास्त व्याज चढतं. पहिलं स्टेटमेंट आलं तेव्हा आकडा उतरण्याऐवजी वाढलेला पाहून मला रात्रभर झोप नाही. तो म्हणाला, “बाबा, याला कर्ज नका म्हणू, टॅक्स म्हणा.” मला अजून तसं म्हणवत नाही. लेक पुढे पुण्यात नोकरीला गेली तरी फेड सुटत नाही, फक्त भारतासाठी उत्पन्नाची मर्यादा वेगळी, कमी धरतात.

मग लेकीचं काय? एक, थांबणं. वयाची घाई इथे कुणाला नसते. जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या नव्या पद्धतीत चार वर्षांच्या शिक्षणाएवढं फीचं कर्ज साठीपर्यंत कधीही वापरता येईल. वीस-एकविसाव्या वर्षी पहिल्या वर्षाला बसणारी मुलं मी ढिगाने पाहिलीत. दोन, डिग्री अप्रेंटिसशिप. कंपनीत नोकरी, पगार, आणि पदवीची फी मुलीवर नाही. त्याला आयएलआर लागत नाही, शिक्षणासाठी नसलेला व्हिसा आणि ३ वर्षांचा मुक्काम लागतो. पण जागा थोड्या आणि चुरस मेडिकलसारखी. तीन, काही युनिव्हर्सिट्या आपल्या अधिकारात होम फी लावतात, विचारायला पैसे पडत नाहीत. फी कमी झाली तरी कर्ज मिळत नाही, तेवढं ध्यानात ठेवा. आणि तुम्ही भारत सरकारच्या पीएम विद्यालक्ष्मीचं विचारलंत, तर ती नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली योजना देशातल्या संस्थांसाठी आहे, इकडच्या फीला नाही.

वहिनींच्या व्हिसाची सुरुवातीची तारीख आणि दोन्ही मुलांच्या जन्मतारखा कळवा. नाशिकमधली तुमची नोकरी कधीपर्यंत सुटू शकते तेही सांगा, मग बोटं मोजून बसू.